१३ इंची पिगमेंट प्रिंटर: आपल्या गावाचे फोटो आपल्याच गावातल्यांना विकायचे असतील तर घ्यावा का?

आधी मार्क देऊन मोकळा होतो. ५ पैकी ४. एक कापलाय तो शाईसाठी, त्यावर पुढे सविस्तर रडणार आहे.

हा रिव्ह्यू लग्नाचे अल्बम छापणाऱ्यांसाठी नाही, पोस्टर-बॅनरवाल्यांसाठी तर नाहीच नाही. जे लोक आपल्या गावाचे, शहराचे फोटो काढतात किंवा चित्रं काढतात आणि ती तिथेच राहणाऱ्या किंवा तिथून बाहेर पडलेल्या लोकांना विकतात, त्यांच्या कामाला हे मशीन कसं पडतं एवढंच मला सांगायचंय, कारण नेटवर जे रिव्ह्यू आहेत ते सगळे टेस्ट चार्ट छापून दाखवतात आणि गिऱ्हाइकाबद्दल कोणी बोलतच नाही. मी म्हणतोय तो वर्ग म्हणजे ए३+ साइझचे, म्हणजे १३ बाय १९ इंचापर्यंत छापणारे, दहा काडतुसांचे पिगमेंट इंक (रंगाच्या बारीक कणांची शाई) प्रिंटर. एप्सनचा शुअरकलर पी७०० आणि कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० ही त्यातली दोन माहितीतली नावं. मी कोणता वापरतो ते मुद्दाम सांगत नाही, कौतुक आणि तक्रारी दोन्ही अख्ख्या वर्गाला लागू आहेत आणि ब्रँडवरून भांडायला मला वेळ नाहीये.

गावचं गिऱ्हाईक आणि बाहेरचं गिऱ्हाईक यात फरक काय तर बाहेरचा माणूस चित्र लांबून बघतो, छान सनसेट आहे म्हणतो आणि घेतो किंवा नाही घेत. गावचा माणूस नाक लावून बघतो. आधी तो स्वतःचं घर शोधतो, मग शाळा, मग ज्या कट्ट्यावर बसायचा तो कट्टा. मग सुरू होतं, अहो ही पाटी तर कधीच काढली, ह्या भिंतीचा पिवळा असा नाहीये जरा मातकट आहे, पुलाचा तिसरा खांब झाडाआड का गेला. ही चिकित्सा नाहीये बरं का, ही खरेदीची पहिली पायरी आहे. ज्याला काही घेणंदेणं नसतं तो एवढं बोलत नाही. पण याचा अर्थ असा की प्रिंटमध्ये बारीक तपशील आणि रंग दोन्ही चोख लागतात, कारण समोरच्याने ती भिंत आयुष्यभर रोज बघितलेली असते आणि तुमच्या मॉनिटरपेक्षा त्याची आठवण जास्त कॅलिब्रेटेड असते.

दुसरा फरक मालाचा. पर्यटकांना विकायचं असेल तर चार ठरलेली दृश्यं हजारोंनी छापली तरी चालतात. अठराव्या शतकात कॅनालेत्तोने व्हेनिस रंगवून विकलं ते मुख्यतः फिरायला आलेल्या इंग्रजांना, त्यामुळे तेच कालवे, तेच चौक पुन्हा पुन्हा. उलट पॅरिसचा फोटोग्राफर अत्जे बघा, त्याने जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी बाजू, जिने, दारांच्या कड्या असले फोटो काढून पॅरिसमधल्याच चित्रकारांना, लायब्ऱ्यांना आणि म्युझियमना विकले आणि १९२० मध्ये अडीच हजारांवर निगेटिव्ह थेट सरकारला विकल्या. गावातल्या गावात विकायचं तर मॉडेल अत्जेचं. विषय शेकडो, आणि प्रत्येकाच्या प्रती दोन-चार. मोठा चौक सगळे बघतात पण भिंतीवर लावायला आपली गल्ली हवी असते.

आणि इथेच स्वतःचा प्रिंटर कामाला येतो. लॅबमध्ये एकच प्रत छापायला सांगितलं की तोंड वाकडं होतं, पन्नास छापल्या तर स्वस्त पडतं पण त्यातल्या पंचेचाळीस माळ्यावर जातात. ऑनलाइन प्रिंट-ऑन-डिमांडमध्ये स्टॉक ठेवावा लागत नाही हे खरं, ऑर्डर आली की ते छापतात आणि परस्पर पाठवतात, कॉफीचे मग आणि बॅगांसाठी ते ठीकच आहे. पण तुम्ही ती प्रिंट कधी बघतच नाही! एका अशा सर्व्हिसने (नाव घेत नाही) माझ्या एका फोटोतली संध्याकाळ इतकी जांभळी करून पाठवली की गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं हे नक्की आपल्याच स्टेशनचं आहे ना. बाहेरच्याला ते कदाचित आवडलंही असतं. शिवाय त्यात सही नाही, मागे दोन ओळी लिहिणं नाही, आणि गावच्या माणसाला ते लागतं, त्याला ती वस्तू ओळखीच्या माणसाकडून आलेली हवी असते.

आता मशीनकडे. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण कागदावर बसतात, डाय शाई कागदात मुरते. डायवाले सहा रंगी टाकीचे प्रिंटर ग्लॉसी कागदावर जास्त भडक दिसतात आणि छपाईचा खर्चही खूप कमी, आणि फक्त पोस्टकार्ड, कॅलेंडर असंच विकणार असाल तर तेच घ्या, इथेच वाचणं थांबवा, पैसे वाचवा. पण फ्रेम करून दहा-वीस वर्षं भिंतीवर राहणारी वस्तू विकायची तर पिगमेंट. उजेड आणि हवेतला ओझोन या दोघांनाही ती जास्त टिकते. गावात विकायचं म्हणजे तुमची फिकी पडलेली प्रिंट तुम्हाला ओळखीच्या घरात जाता-येता दिसणार, हे विसरू नका.

दहा काडतुसांत फक्त रंगीत शाया नसतात, काळ्याच्या आणि करड्याच्या वेगवेगळ्या छटा असतात आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्याचा खरा फायदा कळतो. साध्या प्रिंटरवर करडा रंग तीन शाया मिसळून बनतो आणि कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक मारतो. इथे करडा करडाच राहतो. जुने फोटो स्कॅन करून, साफ करून परत छापायचं काम ज्यांना मिळतं (आणि गावात एकदा नाव झालं की मिळतंच, लोक पेट्या उघडून घेऊन येतात) त्यांच्यासाठी एवढं एक कारण पुरे आहे. पी७०० मध्ये व्हायलेट शाई आहे, निळ्या-जांभळ्याची रेंज त्याने वाढते, आणि मॅट ब्लॅक व फोटो ब्लॅक दोघांना वेगळे नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) आहेत, त्यामुळे मॅट कागदावरून ग्लॉसीवर जाताना शाई बदलण्यात वाया जात नाही. प्रो-३०० मध्ये दहावं काडतूस क्रोमा ऑप्टिमायझर म्हणून एक पारदर्शक द्रव आहे, तो चकचकीत कागदावर चकाकी एकसारखी करतो, नाहीतर पिगमेंट प्रिंट तिरकी धरली की शाई असलेला भाग वेगळा आणि नसलेला वेगळा चमकतो. पी७०० ला रोल पेपर लावता येतो, नदीकाठ किंवा अख्ख्या डोंगररांगेचा लांबलचक पॅनोरमा करणाऱ्यांनी हे बघावं. प्रो-३०० ला रोल नाही पण ३९ इंचापर्यंत लांब शीट घेतो.

प्रिंट काळपट येते ही या मशीनबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आणि दहात नऊ वेळा त्यात प्रिंटरचा काही दोष नसतो. मॉनिटर फुल ब्राइट ठेवून एडिट करायचं आणि मग कागदाकडून तोच उजेड मागायचा, कागद काय दिवा आहे का? मॉनिटर १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजणारं यंत्र) नसेल तर निदान पांढरी विंडो उघडून शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. कागद बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या प्रिंटर-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) फुकट मिळतं, ते टाकून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल त्याचा मॉनिटरवरचा अंदाज, बघा. आणि छापलेली प्रिंट बघायची ती गिऱ्हाइकाच्या घरात असेल तशा उजेडात. स्टुडिओच्या ५००० केल्विनच्या लाइटखाली परफेक्ट असलेली प्रिंट पिवळट बल्बखाली पार वेगळी वाटते. मी शेवटची प्रूफ मुद्दाम घरातल्या बोळातल्या मिणमिणत्या दिव्याखाली बघतो, कारण लोक फोटो लावतात कुठे तर बोळातच.

कागदावर मी तासभर बोलू शकतो. थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो, जमणार नाही. सुती कागद, म्हणजे हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ जीएसएम वगैरे, हे शंभर टक्के कापसाचे, मॅट, जाड, हातात घेतलं की गिऱ्हाइकाचा आवाजच बदलतो. जुनी घरं, धुकं, पावसाळी दिवस, दगडी भिंती यांना तो कागद शोभतो. पण त्याचा काळा कधीच ग्लॉसीइतका खोल येत नाही, त्यामुळे रात्रीचे दिवे, पाण्यातली प्रतिबिंबं, असले फोटो बारायटा कागदावर छापा. बेरियम सल्फेटचा थर असलेला हा कागद, डार्करूमच्या फायबर प्रिंटसारखा दिसतो, काळा मस्त खोल. बऱ्याच कागदांत ओबीए म्हणजे ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात, त्याने कागद पांढराशुभ्र दिसतो पण वर्षांनी त्यांचा जोर ओसरतो आणि कागद पिवळसर व्हायला लागतो. खिडकीसमोरच्या भिंतीसाठी असेल तर बिनओबीएचा घ्यावा, थोडा क्रीम दिसतो पण दगा देत नाही.

सुती कागदाची एक भानगड मात्र कोणी सांगत नाही. त्यावर कापसाचे बारीक तंतू सुटे असतात. त्यांच्यावर शाई पडते, नंतर तंतू झडतो आणि गडद आकाशात एकदम पांढरा ठिपका राहतो, तोही नेमका फ्रेम झाल्यावर दिसतो. छापायच्या आधी मऊ रुंद ब्रश अलगद फिरवायचा, शीट उलटी धरून झटकायची, मगच फीडमध्ये. कोपरे वाकलेले असतील तर हेड (शाई फवारणारा भाग) घासतं आणि कडेला काळी रेघ येते, त्यामुळे कागद सपाट ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, दमट दिवसात पाकीट उघडं टाकू नका. मॅट पृष्ठभाग नखाने सुद्धा खरवडतो, तेव्हा स्टॉलवर लोकांच्या हातात द्यायची प्रत वेगळी आणि विकायची वेगळी.

साइझचं गणित नीट समजून घ्या कारण इथे गावचं गिऱ्हाईक फार निष्ठुर असतं. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ असतो. ए४, ए३ चं प्रमाण १.४१४ ला १, आणि ८ बाय १० ची तयार फ्रेम तर ५:४. म्हणजे ३:२ चा फोटो ८ बाय १० मध्ये बसवताना लांबीतला सहावा भाग उडतो, आणि उडालेल्या भागात नेमकं कोणाचं तरी दुकान असतं! बाहेरच्याला कळणारही नाही, इथे तो माणूस येऊन विचारतो आमचंच का कापलं. म्हणून ८ बाय १२ किंवा १२ बाय १८ छापा, दोन्ही ३:२ च आहेत, किंवा चारी बाजूंनी पांढरी कड सोडून हव्या त्या कागदावर छापा. पांढरी कड मला जास्त आवडते, खाली पेन्सिलने सही आणि जागेचं नाव लिहायला जागा राहते. रिझोल्यूशनची भीती उगाच बाळगू नका, २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) २० बाय १३ इंच होतो, या प्रिंटरला पुरून उरतो, आणि १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचाही साधारण १३ बाय १० इंच निघतो, फक्त तो दिवसाच्या चांगल्या उजेडातला असावा, रात्रीचा मोबाइल फोटो मोठा केला की पानांच्या जागी रंगवलेलं शेवाळ दिसतं.

आता तो कापलेला स्टार. शाई महाग आहे आणि काडतुसं बारकी आहेत. पी७०० ची २५ मिलीची, प्रो-३०० ची १४.४ मिलीची, आणि अशी दहा. सगळी एकदम संपत नाहीत, एकेक संपतं, आणि संपतं ते नेहमी ऑर्डरच्या आदल्या रात्री, म्हणून करड्या शाईचं एक जास्तीचं काडतूस घरात पाहिजेच. नव्या मशीनमध्ये पहिल्यांदा काडतुसं घातली की त्यातली बरीचशी शाई मशीनचं हेड वगैरे भरण्यात जाते, लेव्हल बघून छातीत धस्स होतं, ते नॉर्मल आहे. मग क्लीनिंग. पिगमेंट शाई हेडमध्ये सुकते, मशीन पडून राहिलं की नोझल बुजतात, मग क्लीनिंग सायकल, ती शाई वाया, आणि पी७०० मध्ये ती साठवणारी मेंटेनन्स टाकीही भरली की विकत घ्यावी लागते, म्हणजे तुम्ही पैसे देऊन शाई घेता आणि पैसे देऊनच तिची कचरापेटी घेता. आठवड्याला एखादी छोटी रंगीत प्रिंट काढत राहणं हाच उपाय. मी असल्या वेळी पोस्टकार्ड साइझ छापतो आणि ती कार्डं मोठ्या ऑर्डरसोबत घालतो, फुकट जात नाही. पण महिन्यात दोनच प्रिंट विकल्या जात असतील तर हे मशीन घरात आणू नका, एखादी चांगली लॅब गाठा जी तुमचं आयसीसी प्रोफाइल वापरू देईल आणि हार्ड प्रूफ, म्हणजे कागदावर छापलेला नमुना, दाखवेल.

टिकण्याबद्दल लोक विचारतात, शंभर वर्षं टिकेल ना? विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था अशा चाचण्या करते आणि पिगमेंट शाई व चांगल्या कागदाच्या जोड्यांना काचेमागे शंभरच्या वरचे आकडेही मिळालेत, पण ते प्रखर उजेडात झटपट फिकं करून काढलेले अंदाज असतात आणि रोज १२ तास ४५० लक्स उजेड धरून हिशोब केलेला असतो. थेट ऊन पडणारी भिंत त्या हिशोबात नाही. मी गिऱ्हाइकाला वर्षं सांगत नाही, ऊन आणि ओल टाळा एवढंच सांगतो. छापल्यावर निदान एक दिवस उघडी वाळू द्या, नाहीतर शाईतले द्रव हळूहळू उडून काचेच्या आत धुकट थर धरतो. प्रिंट काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच, ॲसिड-फ्री, आणि मागून सेलोटेप लावणाऱ्या फ्रेमवाल्याला सरळ नाही म्हणा.

चित्रकारांसाठी दोन शब्द. तुमच्या जलरंगातल्या गावच्या चित्रांच्या प्रती यावर सुती कागदावर इतक्या जवळच्या येतात की मूळ कोणतं हे दुसऱ्याला बोट लावून बघावं लागतं. पण फ्लोरोसंट रंग, ऑपेरा रोजसारखे, या वर्गातल्या प्रिंटरवर येणार नाहीत, ते यांच्या शाईत नाहीतच. आणि प्रत मूळ चित्राएवढीच चांगली येते ती स्कॅन चांगला असेल तर, तेव्हा मोबाइलवर वरून काढलेला फोटो देऊन प्रिंटरला शिव्या देऊ नका. विकताना मागे स्पष्ट लिहा की ही पिगमेंट प्रिंट आहे, मूळ नाही. गावात गोष्टी कळायला दोन दिवस पुरतात.

लिमिटेड एडिशनचं बोलायचं तर ३/२५ (पंचविसातली तिसरी प्रत) असं लिहून भाव वाढवायचा मोह मलाही होतो, पण एकदा २५ लिहिलं की २६वी छापायची नाही, साइझ बदलूनही नाही, निदान आधी तसं सांगितलं नसेल तर. गावात सव्विसावा माणूस पंचविसाव्याचा चुलतभाऊ असतो. मी मोठी साइझ मोजून देतो आणि लहान साइझ मोकळी ठेवतो. मोकळी ठेवलेली जास्त खपते, हे आधीच सांगतो, लोक एक मोठी स्वतःला घेतात आणि चार लहान बाहेरगावी गेलेल्या भावंडांना पाठवायला. पाठवताना सुती कागद बारीक नळीत गुंडाळू नका, कायमचा वळ धरतो, रुंद नळी घ्या किंवा ए४ पर्यंतचं सगळं दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा.

आणि फोटोत ओळखू येईल असा चेहरा असेल तर विचारून घ्या. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतींचासुद्धा, पण तुमचं गिऱ्हाईक आणि फोटोतला माणूस एकाच बसस्टॉपवर उभे असतात.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी मशीनसोबत कागदाचं मोठं पाकीट मागवू नका. कंपन्यांचे सँपल पॅक मिळतात, प्रत्येक कागदाच्या एक-दोन शीट. तुमच्या गावातली एकच ओळखीची जागा त्या सगळ्यांवर छापा, ओळीने टेबलावर मांडा आणि तिथे राहणाऱ्या कोणालातरी बोलवून विचारा यातलं बरोबर कोणतं. तो ज्यावर बोट ठेवेल त्याचं पाकीट मागवा, भले तुम्हाला दुसरं आवडलेलं असो.